घडीवर बेतलेली गाडी

कात्रीबाईंचं खरं नाव आता फक्त त्यांच्या बँकेला ठाऊक होतं. बाकी सगळ्या जगाला त्या कात्रीबाई. सुटांच्या कारखान्यात कापायच्या टेबलाशी उभं राहून त्यांची अर्धी हयात गेली होती आणि ती मजेत गेली होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण कष्टांनी पिचलेल्या बाईची गोष्ट ऐकायला कुणी बसलं असेल तर ही ती नव्हे. कात्रीबाई दमत नसत, समोरच्याला दमवत. कारखान्यातल्या पोरी त्यांना घाबरत आणि त्यांच्याशिवाय चहाही पीत नसत.

त्यांच्या कामाची पद्धत मात्र इथेच समजून घ्या, पुढचा सगळा घोटाळा तिच्यातून झालेला आहे. कोटाची पाठ कापायची तर अख्खी पाठ कुणी मापत बसत नाही. कापडाला मधोमध घडी घालायची, घडीवर अर्ध्या पाठीचा कागद ठेवायचा, खडूने रेघ मारायची आणि कात्री चालवायची. घडी उलगडली की पूर्ण पाठ तयार, इकडे तशी तिकडे. याला घडीवर बेतणं म्हणतात. आता मापावर सूट शिवणारा एखादा शिंपी म्हणेल, अहो, माणसाचे दोन खांदे सारखे कुठे असतात? खरंय. पण हा तयार कपड्यांचा कारखाना, इथे अख्ख्या दुनियेचे दोन्ही खांदे सारखेच. कात्रीबाईंनी ही पद्धत घरातही लावली होती. पडदे शिवायचे तर खिडकी मधोमधपर्यंत मापून त्या स्टुलावरून खाली उतरत. "अर्धं नीट बघा गं, उरलेलं अर्धं आपलं आपण येतं," असं त्या नव्या पोरींना सांगत, आणि आजवर ते येतही आलं होतं.

लग्नाआधी त्या गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायच्या दुकानात होत्या. तिथे एकदा एक स्पोर्ट्स कार आली. बसकी, रुंद, जमिनीला चिकटून दबा धरलेली. तिच्या सीटांवर त्यांनी दुहेरी टाके घातले, जीव ओतून घातले. मालक आला, सीटवर टेकला आणि त्याने गाडी सुरू केली, तेव्हा दुकानाचा पत्रा थरथरला आणि कात्रीबाईंच्या छातीतही काहीतरी थरथरलं. त्यांना एकदा बसून बघायचं होतं. पण कपड्यांना डिंक लागलेला, कोण बसू देणार? अशी गाडी एकदा तरी आपली असावी, हे तेव्हा मनात जे बसलं ते हललंच नाही. लग्न झालं, मुलगी झाली, मुलगी बघता बघता दाराच्या चौकटीला टेकेल एवढी वाढली आणि तिला सगळे बांबू म्हणू लागले, तरी कात्रीबाईंनी यातलं अवाक्षर कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला तर मुळीच नाही.

नवरा औषधांच्या दुकानात होता. माणूस लाखात एक, पण दिवसभर औषधांच्या खोक्यांवरची बारीक अक्षरं वाचून त्याचा स्वभावच तसा झाला होता. कुठल्याही आनंदाची बातमी ऐकली की तो आधी दुष्परिणाम विचारी. बांबू व्हॉलीबॉलच्या संघात निवडली गेली तेव्हा त्याने पहिला प्रश्न केला होता, "गुडघ्यांचं काय?"

तर त्यांची जुनी गाडी एका सकाळी कारखान्याच्या वाटेवर, पुलाच्या ऐन मध्यावर मेली. मेकॅनिकने बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि काही न बोलता परत लावलं. कारखाना गावाबाहेर, बस तिकडे जाई ती तिच्या मर्जीने. म्हणजे गाडी लगेच हवी. नवऱ्याने तोडगा संध्याकाळी घरी येतानाच आणला. त्याच्या दुकानाचे मालक आपली गाडी विकायला काढत होते. चार दारं, उंच छत, मातकट रंग आणि आकार थेट बिस्किटांच्या डब्याचा. मालकांनी ती रविवार संध्याकाळपर्यंत यांच्यासाठी धरून ठेवली होती.

"चांगली आहे," नवरा म्हणाला. "काही वाईट नाही तिच्यात."

कात्रीबाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं आणि इतक्या वर्षांचं मौन एका दमात सोडलं. "अहो, मला स्पोर्ट्स कार हवीय."

बांबूने कानातले इयरफोन काढले. सासूबाई भाजी निवडत होत्या, त्यांचा हात तसाच थांबला. नवरा मात्र चिडला नाही की हसला नाही. बायकोने स्वतःसाठी म्हणून काही मागितल्याचं त्याला आठवेना, आणि ते आठवत नाही म्हणूनच तो जरा वरमला.

"नवी?" त्याने विचारलं.

"जुनीच. वापरलेली. पण तशी."

"मग बघ," तो म्हणाला. "पण आईला चढता-उतरता आलं पाहिजे. बांबूचे पाय मावले पाहिजेत. मी मागे बसणार नाही, मला मळमळतं. आणि तुमच्या कारखान्याच्या फाटकातल्या त्या गतिरोधकावर पोट घासता कामा नये. यातलं एक जरी जमलं नाही, तरी डबा."

"डबा," कात्रीबाईंनी मान्य केलं, आणि त्या रात्री त्यांना झोपेतही हसू येत होतं म्हणे. दुसऱ्या दिवशी त्यांचे पाय जमिनीवर नव्हते. पोरींनी विचारलं, काय झालं बाई, तर म्हणाल्या, काही नाही, आणि कॉलरींचा गठ्ठा बाह्यांच्या रॅकवर ठेवून आल्या.

शोध सुरू झाला. पहिल्या गाडीची मागची सीट म्हणजे हातरुमाल वाळत घालायची जागा होती. विकणारा म्हणाला, लहान मुलं बसतात की. कात्रीबाईंनी त्याला बांबूचा फोटो दाखवला, तसा तो गप्प झाला. दुसरी गाडी एका व्यायामशाळेच्या मास्तरांची. तिने सुरू होताच असा काही हंबरडा फोडला की समोरच्या घरातल्या बाईने धाडकन खिडकी लावून घेतली. शिवाय ती इतकी बुटकी की सासूबाईंना आत सोडायला दोर लागला असता. पण कात्रीबाईंचा उत्साह असा की नकार देऊन बाहेर पडतानाही त्या त्या गाडीच्या टपावरून हात फिरवून येत.

तिसरी गाडी दंतवैद्यांची. डॉक्टर काडीसारखे बारीक आणि बोलके. समोरच्याच्या तोंडात हत्यारं असताना गप्पा मारायची सवय असल्याने, समोरचा उत्तर देऊ शकतो हे ते विसरूनच गेले होते. दवाखान्यामागच्या चिंचोळ्या गॅरेजात त्यांनी कात्रीबाईंना नेलं आणि दिवा लावला.

बाटलीसारखा गडद हिरवा रंग. नाक बसकं, पाठ गोलसर, आणि बाजूला दारं दोन. पुढचं मोठं, आणि मागे सफाईने लपवलेलं छोटं, मूठ काचेच्या कडेला. स्पोर्ट्स कार आणि मागे दार. कात्रीबाईंना मनातल्या मनात उकळ्या फुटल्या. चालकाची बाजू भिंतीला इतकी खेटून होती की तिथून फक्त डॉक्टरच आत शिरू जाणे. पण तिकडे बघायची कात्रीबाईंना गरज काय? त्यांनी पर्समधून टेप काढला.

मग त्यांनी जे मापलं, त्याला तोड नाही. मागचं दार किती उघडतं, सीट जमिनीपासून किती वर, गुडघ्याला जागा किती, डोक्याला किती. मागची सीट त्यांनी मधल्या शिवणीपासून दाराकडे मापली आणि दुप्पट केली, हे वेगळं सांगायला नको. सामानाच्या जागेत, घरी शिवायला आणायचा अस्तराचा गुंडाळा आडवा मावेल याची खात्री केली. शेवटी पोट जमिनीपासून किती उंच हे बघायला त्या चक्क गॅरेजच्या फरशीवर आडव्या झाल्या. डॉक्टरांच्या आयुष्यात त्यांच्यासमोर आडवं होऊन तोंड न उघडणारं हे पहिलंच माणूस असावं. तेही क्षणभर गप्प उभे राहिले.

नंतर डॉक्टरांनी गाडी गल्लीत काढली आणि उतरून दार धरलं. कात्रीबाई त्या दारातून आत बसल्या, भिंतीकडचंच ते दार, तीच न पाहिलेली बाजू. पण त्या घटकेला त्यांना स्टिअरिंगखेरीज काही दिसलं असेल तर शपथ. त्यांनी गाडी मोठ्या रस्त्याला घेतली, गिअर टाकला आणि पाय जरासा दाबला, जरासाच. सीटने त्यांना पाठीत हलकेच धक्का दिला, चल म्हणाली. वळणावर गाडी रस्त्याला धरून अशी वळली, जशी चांगल्या कापडातून धारदार कात्री जाते. कात्रीबाई मोठ्याने हसल्या. शेजारी डॉक्टर इंजिनाबद्दल काहीबाही सांगत होते, ते त्यांनी एका कानाने ऐकलं आणि तिथेच सोडून दिलं. "रविवारी घरच्यांना घेऊन येते," एवढंच त्या म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी बैठकीच्या खोलीतलं टेबल बाजूला सारलं आणि शिवणाच्या खडूने फरशीवर गाडी काढली. खऱ्या मापाची. अर्धी मापावरून आणि उरलेली अर्धी तिच्यावरून. मग मोरीतला पाट, बुटका स्टूल आणि दोन उशा अशी आसनं मांडली आणि ट्रायल घेतली. नवरा पुढे. त्याच्यामागे बांबू, कारण तो ठेंगणा, त्याची सीट पुढे ओढली की तिचे पाय मावतात. चालकाच्या मागे सासूबाई.

"आई, इथून दार," कात्रीबाईंनी खडूच्या रेघेवर पाय ठेवून दाखवलं. "इथून या, टेका, पाय आत घ्या."

सासूबाई आल्या, टेकल्या, पाय आत घेतले. गुडघे कुरकुरले, पण जमलं. बांबू बसली, तिचे गुडघे रेघेच्या आत राहिले. नवऱ्याने चहूबाजूंनी निरीक्षण केलं, गतिरोधकाच्या उंचीचा पुठ्ठा स्वतः मागून घेतला आणि पोटाच्या मापाशी लावून पाहिला. त्याला कुठे बोट ठेवायला जागा मिळेना.

"कागदावर तर चांगलं वाटतंय," तो म्हणाला.

"फरशीवर," बांबू म्हणाली.

रविवारी दुपारी सगळी वरात दवाखान्याच्या गल्लीत पोचली. कात्रीबाईंनी सामानाच्या जागेच्या खातरजमेसाठी अस्तराचा गुंडाळाही खांद्यावर आणला होता. डॉक्टरांनी गाडी धुऊन-पुसून रस्त्याच्या मधोमध काढून ठेवली होती. ऊन पडलं होतं, हिरवा रंग नुसता झळाळत होता. बांबूच्या तोंडून "आई शप्पथ" असं निघून गेलं, आणि नवऱ्यानेसुद्धा टाय सरळ केला.

सासूबाई ठरल्या जागी निघाल्या. काठी टेकत, गाडीच्या नाकाला वळसा घालून, चालकाच्या बाजूला, मागे. तिथे त्या थांबल्या. त्यांनी गाडीच्या अंगावरून हात फिरवला, पुढे, मग मागे, मग पुन्हा पुढे.

"अगं," त्या म्हणाल्या, "दार कुठंय?"

कात्रीबाई हसतच पलीकडे गेल्या. चालकाचं एक लांबलचक दार होतं, आणि त्यामागे गुळगुळीत हिरवा पत्रा. मूठ नाही, फट नाही, काही नाही. एका बाजूला दोन दारं आणि दुसऱ्या बाजूला एक. असली गाडी बनवणाऱ्याच्या डोक्यात काय होतं देव जाणे, पण बनवली होती खरी.

"सगळे आधी तेच विचारतात," डॉक्टर पडेल आवाजात म्हणाले. "तुम्ही काहीच बोलला नाहीत. मला वाटलं, तुम्हाला चालतंय."

कात्रीबाईंनी त्या पत्र्यावरून बोट फिरवलं. लोकांचे इतके कोट बेतले आणि आपल्या एकुलत्या एका गाडीची एक बाजू बघायची राहिली. बरं, जागा बदलाव्यात तर तेही जमेना. चालकाच्या मागे बांबूचे पाय मावत नव्हते, कारण कात्रीबाईंना सीट मागे लागे. नवरा मागे बसला तर पहिल्याच चौकात गाडी थांबवावी लागली असती. त्यातून एकच उरत होतं. सासूबाईंनी नवऱ्याच्या बाजूच्या छोट्या दारातून शिरायचं आणि सरकत सरकत पलीकडच्या कोपऱ्यात जायचं.

"बघते प्रयत्न करून," सासूबाई म्हणाल्या. त्या आत टेकल्या, पाय घेतले आणि सरकू लागल्या. पण सीटचं कापड खरखरीत, त्याला त्यांचे कपडे अडकत होते. सीटच्या मधोमध येऊन त्या अडकल्या. ना पुढे, ना मागे. त्यांच्या कपाळावर घाम आला.

नवरा वाकून आत बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर 'बघ, मी म्हटलं नव्हतं' असं काही नव्हतं. उलट त्याचंच तोंड उतरलं होतं. "असू दे, आई," तो हळूच म्हणाला. "उतर तू. मी मालकांना फोन करतो."

"माझंच चुकलं," कात्रीबाई म्हणाल्या. "डबा घेऊ." त्यांना रडू येत होतं आणि ते दिसू नये म्हणून त्यांनी खांद्यावरचा गुंडाळा दुसऱ्या खांद्यावर घेतला. घेताना अस्तर सुळकन निसटलं आणि रस्त्यावर उलगडलं.

ते उचलायला त्या वाकल्या आणि तशाच राहिल्या. कोटाला अस्तर का लावतात? आतल्या सदऱ्यावरून बाही अडकू नये, हात सरकन जावा म्हणून. दिवसभर हेच तर कापत होत्या त्या. त्यांनी दातांनी काठ धरला, हातभर लांबीचा तुकडा टर्रकन फाडला, आणि जिच्या हाती कधी कात्रीशिवाय कापड गेलं नव्हतं त्या बाईला कापड फाडताना बघून बांबूचा आ वासला.

"आई, जरा उचला स्वतःला. तेवढंच. हां."

बांबूने आजीला आधार दिला, कात्रीबाईंनी तुकडा खाली सारला. "आता सरका."

सासूबाई सरकल्या. सरकल्या कसल्या, गेल्या. घसरगुंडीवरून जावं तशा थेट पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन थडकल्या. मग कोपऱ्यातून एक आवाज आला, बारीक, खुदखुदणारा. सासूबाई हसत होत्या. नवऱ्याने आपल्या आईचं हे हसणं कधी ऐकलंच नव्हतं, तो डोकं आत घालून बघतच राहिला.

"पुन्हा," सासूबाई म्हणाल्या, आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत अस्तरावरून दाराशी आल्या आणि परत कोपऱ्यात गेल्या. डॉक्टर पोट धरून हसायला लागले. कात्रीबाईंना आता रडू आणि हसू दोन्ही एकदमच आलं.

"पण आई," नवरा म्हणाला. तो नवराच, त्याला दुष्परिणाम विचारल्याशिवाय राहवेना. "तिकडे दार नाही. कोंडल्यासारखं होईल तुला. उतरायचं तर आधी बांबू उतरणार, मग तू."

"म्हणून तर," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी पाठ मागे टेकली, हात मांडीवर ठेवले. "लग्न झाल्यापासून मी दाराशी बसतेय. जेवायला दाराशी, कुणाला काय हवं-नको बघायला. पाहुण्यांत दाराशी, चहा टाकायला. तुझ्या गाडीतसुद्धा दाराशी, कुणाला काही आणून द्यायचं तर आजी पटकन उतरेल. इथून मला उठवायचं, तर आधी हिला उठवावं लागेल." त्यांनी काठीने बांबूकडे खूण केली. "मला नाही उतरायचं. काय ठरवायचं ते तुम्ही बाहेर ठरवा."

नवरा दाराशीच उकिडवा बसला. मग विचारलं, "कधी बोलली नाहीस गं?"

"दाराशी बसलेल्याला बोलायला वेळ कुठे मिळतो?"

त्याने खिशातून फोन काढला, मालकांना लावला आणि म्हणाला, "डबा नको आम्हाला, साहेब. आईला पसंत नाही." मग पुढे जाऊन बसला, पट्टा लावला आणि समोर बघत बायकोला म्हणाला, "मग? चालव की."

कात्रीबाईंनी गाडी सुरू केली. मागे बांबू आणि आजी दोघींनी एकमेकींचा हात धरला होता, कशासाठी ते त्यांनाच माहीत. गाडी मोठ्या रस्त्याला लागली, कारखान्याच्या फाटकातल्या गतिरोधकावरून पोट न घासता गेली, वळली आणि परतताना पेट्रोल भरायला थांबली. पंपाशेजारी चहाची टपरी होती. सवयीने सासूबाईंचा हात काठीकडे गेला. नवरा त्याआधीच उतरला होता. टपरीपर्यंत जाऊन तो परत आला, खिडकीशी वाकला आणि विचारलं, "आई, साखर किती घेतेस गं तू?"

सासूबाईंनी सांगितलं. तो चहा घेऊन आला. त्यांनी कप दोन्ही हातांत धरला आणि सावकाश, फुंकर घालत प्यायला सुरुवात केली, आणि त्यांचा संपेपर्यंत बाकीचे तिघं गाडीत बसून राहिले.